करवत घेताना आधी दात पाहा

प्रश्न : घरी स्टूल, छोटे रॅक असे काम सुरू करायचे आहे. दुकानात एकाच लांबीच्या चार करवती दाखवल्या, पण किमतीत दुपटी-तिपटीचा फरक. काय पाहून घ्यावी? (चिपळूण)

उत्तर : आधी दात, मग पाते, मूठ शेवटी. आडव्या कापाच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंना आडवे कापणाऱ्या करवतीचे दात तिरके घासलेले असतात. प्रत्येक दाताला बाजूने धार असते, तीच लाकडाचे तंतू तोडते. उभे, म्हणजे तंतूंच्या दिशेने चिरायच्या करवतीचे दात समोरून सरळ घासलेले, छोट्या पटाशीसारखे. घरकामात आडवे कापणेच जास्त, म्हणून पहिली करवत आडव्या कापाची, २० ते २२ इंची, इंचाला ८ ते १० दातांची घ्या. तिने उभेही चिरता येते, फक्त वेळ लागतो. इंचाला ५-६ दातांची करवत जाड फळी भराभर चिरते, पण प्लायवर चालवलीत तर वरचा पापुद्रा उपटून काढते. कुसवाचे जोड (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवणारे) करायचे असतील, तर पाठीवर पट्टी असलेली, १२ ते १५ दातांची छोटी करवत वेगळीच लागते.

आता पाते. करवत डोळ्यासमोर धरून दातांच्या रेषेत टोकापर्यंत नजर टाका. जराही बाक दिसला तर ती घेऊ नका. मग पाते हलकेच वाकवून सोडा. ते पुन्हा पूर्ण सरळ झाले पाहिजे. उत्तम पात्याची पाठ दातांच्या बाजूपेक्षा पातळ घासलेली असते, त्यामुळे खोल कापात ते दाटत नाही. मूठ लाकडी आणि स्क्रूने बसवलेली असावी. उन्हाळ्यात लाकूड आटून मूठ हलू लागली, तर स्क्रू आवळता येतात.

प्रश्न : निळसर-काळ्या टोकांच्या दातांची करवत जास्त टिकते का? (नाशिक)

उत्तर : धार टिकते, करवत नव्हे. ती टोके तापवून कठीण केलेली असतात. बोथट झाली की त्यांवर कानस नुसती घसरते आणि करवत बदलावी लागते. प्लाय आणि पार्टिकल बोर्डाला आम्ही हीच सुचवतो, कारण त्यांतला गोंद कोणतीही धार लवकर मारतो. सागात सिलिका असल्याने तिथेही दात लवकर बोथटतात, पण सागाचे काम वर्षानुवर्षे करायचे असेल तर तिकोनी कानस मारून पुन्हा धार लावता येईल अशीच करवत घ्या.

प्रश्न : नवी करवत अर्ध्यात अडकते आणि काप डावीकडे जातो. (बेळगाव)

उत्तर : दोन वेगळी कारणे आहेत. दात आलटून पालटून डावी-उजवीकडे फाकवलेले असतात. कापाची रुंदी पात्याच्या जाडीच्या साधारण १.३ ते १.५ पट हवी, म्हणजे ०.८ मिमी पात्याला १.१ मिमीच्या आसपास. फाक याहून कमी असेल तर पाते अडकते, आणि ओल्या लाकडात तर नक्कीच. काप डावीकडे ओढत असेल, तर त्या बाजूच्या दातांची फाक जास्त आहे. करवत आडवी ठेवून त्या बाजूच्या दातांवरून बारीक तेलदगड एकदाच, न दाबता फिरवा. मग कापून बघा, गरज वाटली तरच पुन्हा.

त्याआधी फळी कशी टेकवता तेही तपासा. दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापली, तर ती खाली झुकते आणि काप वरून मिटून पाते आवळतो. तोडायचा तुकडा स्टुलाच्या बाहेर राहू द्या, आणि शेवटच्या इंचाला तो डाव्या हाताने तोलून धरा, नाहीतर खालची कड चिरफाळते.