किमो सुरू असलेल्या घरात थर्मामीटर उशाशी हवा

किमोचा, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांचा, डोस झाल्यावर पहिले दोन-चार दिवस सगळं घर पेशंटच्या मागेपुढे असतं. मग मळमळ कमी होते, चेहऱ्यावर थोडी तरतरी येते आणि घरचे सैल पडतात. खरं जपायचं असतं ते त्यानंतर. बऱ्याच औषधांमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. तुमच्या औषधाचे दिवस नर्सला विचारून कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करा.

या दिवसांत संसर्ग झाला तरी पू, लाली, सूज दिसेलच असं नाही, कारण ती तयार करणाऱ्या पेशीच कमी असतात. अनेकदा ताप ही एकच खूण असते. म्हणून 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा त्याच्या वर आकडा दिसला, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, कॅन्सर विभागाच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करायचा. "सकाळी बघू" म्हणायचं नाही. हुडहुडी भरली आणि ताप नसला तरीही फोन करायचा.

घरोघरी होणारी चूक म्हणजे आधी पॅरासिटामॉल देणं. आकडा खाली येतो, सगळे निर्धास्त होतात आणि संसर्ग आत वाढत राहतो. आधी ताप मोजा, वेळ लिहा, फोन करा. गोळी त्यांनी सांगितली तरच. नुकतंच काही गरम-थंड प्यायलं असेल तर निदान 15 मिनिटं थांबून मग तोंडात थर्मामीटर धरा.

परदेशात राहत असाल तर परक्या भाषेत, घाबरलेल्या अवस्थेत, फोनवर नेमकं सांगणं जमत नाही. त्यासाठी तिथल्या भाषेतला एक कागद फ्रिजवर लावून ठेवा: "किमोथेरपी सुरू आहे. शेवटचा डोस अमुक तारखेला. ताप इतका, इतक्या वाजल्यापासून." खाली औषधांची नावं, अ‍ॅलर्जी, पोर्ट किंवा लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी) असल्यास तो उल्लेख. इमर्जन्सीत गेल्यावर हाच कागद काउंटरवर पुढे करा आणि खोकणाऱ्या लोकांपासून वेगळी जागा मागा. आई-बाबांना भाषा येत नसेल तर हॉस्पिटलकडे दुभाषा आधीच मागून ठेवा. शाळकरी नातवंडांवर ते काम टाकू नका. आजीला वाईट वाटेल म्हणून मूल अर्धं गाळतं, आणि नेमका डोसच चुकतो.

तोंड आलं असेल तर एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर (अष्टमांश चमचा) मीठ घालून दर तीन तासांनी चुळा भरायच्या, गिळायचं नाही, मग साध्या पाण्याने खळखळून टाकायचं. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. आग होते आणि तोंड आणखी कोरडं पडतं. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायची वाट न बघता सांगितलेल्या वेळीच घ्या. ओन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाने बद्धकोष्ठ होतं, तेव्हा दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही तर कळवा. एनिमा स्वतःच्या मनाने अजिबात नको. नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेली चूर्णं, काढेसुद्धा आधी डॉक्टरांना दाखवा. काहींमुळे औषधाचा परिणाम बदलतो.

थकव्याचं मात्र वेगळं आहे. तो झोपून जात नाही, आणि उपचार संपल्यावरही कित्येक महिने रेंगाळू शकतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. "आता तर सगळं संपलं ना" हे वाक्य घरच्यांनी या काळात टाळलेलं बरं. सतत सोबत असणारी नर्स, डॉक्टर, ठरलेल्या तारखा एकदम थांबतात आणि अनेकांना रडू याच वेळी येतं.

शेवटच्या भेटीत उपचारांचा लेखी सारांश मागून घ्या. कॅन्सरचा प्रकार आणि टप्पा, बायोप्सीचा रिपोर्ट, प्रत्येक औषधाचं नाव आणि एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) दिलं. डॉक्सोरुबिसिनसारख्या किमोच्या औषधाला हृदयाच्या काळजीपोटी आयुष्यभराची मर्यादा असते. पुढे कधी पुन्हा द्यायची वेळ आली तर आधी किती दिलं हे माहीत असावंच लागतं. नोकरीपायी देश बदलणार असाल तर स्कॅनच्या डिस्क जाण्याआधीच हातात घ्या. दुसऱ्या देशातून त्या मागवताना सह्या, फॉर्म आणि टपाल यांत आठवडे जातात, आणि नव्या डॉक्टरांना नवा स्कॅन जुन्याशेजारी ठेवूनच बघायचा असतो.