गिझर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतो, तर त्याचा रोध आणि शक्ती किती? आणि फोंड्यात आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज 190 वर येतं, तेव्हा काय होतं?

रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट: 230 ÷ 8.7, साधारण 26.4 ओहम. शक्ती म्हणजे दोन्हींचा गुणाकार: 230 × 8.7, म्हणजे 2,000 वॅट. गिझरवरच्या पट्टीवरही हाच आकडा असेल, बघा.

खरी गोम तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. व्होल्टेज उतरलं तरी कॉइल तीच, रोध जवळपास तेवढाच. म्हणून करंटही उतरतो: 190 ÷ 26.4 = 7.2 अँपिअर. आता गुणा, 190 × 7.2 म्हणजे जेमतेम 1,370 वॅट. व्होल्टेज सतरा टक्के कमी, पण शक्ती बत्तीस टक्के कमी, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. अर्ध्या तासात तापणाऱ्या पाण्याला पाऊण तास लागतो तो यामुळे. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना हे चांगलंच जाणवतं! गिझर बिघडलेला नाही, उगाच कॉइल बदलू नका.

हा हिशोब गिझर, इस्त्री यांना चपखल बसतो. पंखा, पंप, फ्रिज यांना मात्र नाही. तिथे मोटर असते आणि पॉवर फॅक्टरने (व्होल्टेज आणि करंट एकाच लयीत चढत-उतरत नाहीत म्हणून लागणारा, एकाहून लहान आकडा) गुणल्याशिवाय खरे वॅट मिळत नाहीत.

रोध मल्टिमीटरने पडताळायचा असेल तर आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही.