संकट कोसळल्यावर मनोबल आणि स्वतःवरचा विश्वास कुठून आणावा?

ध्यान, वाचन की व्याख्याने, यांपैकी कशाने मन खंबीर होते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते शेतकऱ्याच्या विधवेला तरी आधी यांतले काहीच उपयोगी पडत नाही. आधी सातबाऱ्यावर नाव लागावे लागते, विश्वास मागून येतो.

यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे. पतीने आत्महत्या केली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण ‘धीर धरा’ एवढे सांगून चहा पिऊन जात असे. शासकीय मदतीचे एक लाख मिळाले, म्हणजे 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीत. त्यानंतर धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, जमिनीचे आम्ही पाहतो, तुम्ही मुलांकडे लक्ष द्या.” बोलणे मायेचे होते, परंतु वारस नोंदीसाठी फक्त सासूबाईंचे नाव घातलेला अर्ज त्यांनी तोवर तलाठ्याकडे देऊनही टाकला होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुले आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांच्यापैकी कोणी हयात असताना भावाला काहीही मिळत नाही, हे मला महसूल खात्यातल्या एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांनी समजावले. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून मी स्वतंत्र अर्ज केला. दीरांनी हरकत घेतली, सुनावणी लागली, आणि सासरच्या पुरुषांदेखत मी प्रथमच तोंड उघडले. सासूबाईंचा वाटा मी कधी नाकारलाच नव्हता, हेही तेथे लिहून घ्यायला लावले.

नोंद मंजूर झाल्यावरच्या उताऱ्यात पतीचे नाव कंसात गेले होते, म्हणजे कमी झाले होते, आणि खाली सासूबाईंचे, माझे व मुलांचे नाव होते. मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती आई, असे होते. पतीचे थकीत कर्ज 2019 च्या कर्जमुक्तीत निघाल्यावर त्याच उताऱ्यावर गावच्या शेतकरी सहकारी सोसायटीने मला पीककर्ज दिले, पीक विमा माझ्या नावे निघाला आणि कापूस शासकीय खरेदी केंद्रावर स्वतःच्या नावाने घालता आला. मजुरांशी रोजाचा भाव ठरवताना माझा आवाज चढू लागला तो त्यानंतरच.

अर्थात, हे जमीन पतीच्या नावे असेल तरच. ती सासऱ्यांच्या नावे एकत्र असेल तर प्रकरण वाटणीचे होते आणि वकिलावाचून भागत नाही. ज्यांना जगणेच नकोसे झाले आहे त्यांनी मात्र कागदांच्या मागे लागण्याआधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावे.

दीर आजही लग्नकार्यात सांगतात की त्यांनी सांभाळून घेतले म्हणून वहिनींची शेती टिकली. त्यांची हरकत आणि ती फेटाळल्याचा आदेश, दोन्ही दप्तरी आहेत. अर्ज केला की नक्कल मिळते.