पायथन ३.८ वरून ३.१३ वर जावं का?
ऐरोलीच्या ऑफिसात प्रोजेक्ट अजून पायथन भाषेच्या ३.८ व्हर्जनवर आहे म्हणतोस, तर जाच रे, ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्येच संपलाय, सिक्युरिटी फिक्सपण येत नाहीत. स्पीडची मोठी उडी ३.११ ला आली, ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के फास्ट, ती आपोआप मिळेल. ३.१३ मध्ये मला सगळ्यात जास्त आवडलं ते नवीन शेल (कोड टाइप करून लगेच चालवायची जागा), वरचा बाण दाबला की अख्खं फंक्शन परत येतं, आधी एकेक ओळ यायची, एररपण रंगीत दिसतात. ३.१३ चा जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं लॉक) नसलेला बिल्ड एक्सपेरिमेंटल आहे, प्रॉडक्शनला नको. डिस्ट-युटिल्स (distutils, पॅकेज बनवायचं मॉड्यूल) ३.१२ ला आणि सीजीआय (cgi, वेब फॉर्म हाताळायचं जुनं मॉड्यूल) ३.१३ ला काढून टाकलंय, तेवढं जुन्या कोडमध्ये आधी शोधून घे.