अडीच लाख किलोमीटरच्या उंबरठ्यावर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे २०११ ची डिझेल इनोव्हा असून ती २ लाख ४० हजार किमी चालली आहे. महिन्यातून तीन-चार वेळा पुणे–कराड आणि वर्षातून दोनदा घाट उतरून कोकण, असा तिचा वापर आहे. गाडी ओढते चांगली, धूरही नाही. मात्र दहा हजार किमीच्या दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये अर्धा ते पाऊण लिटर इंजिन ऑइल वरून टाकावे लागते. मिस्त्री म्हणतात, आता जाड ऑइल टाका आणि पुढच्या वर्षी इंजिन उतरवू. गाडी आम्हाला आणखी पाच वर्षे ठेवायची आहे. पैसे कोणत्या कामात आणि कोणत्या क्रमाने घालावेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : आधी ऑइलचा हिशेब करू. दहा हजार किमीला पाऊण लिटर म्हणजे हजाराला फार तर ७५ मिली. एवढ्या चाललेल्या डिझेल इंजिनाच्या मानाने हे प्रमाण नगण्य आहे, आणि धूर नसताना, ओढ शाबूत असताना केवळ तेवढ्यावरून इंजिन उतरवण्याचा विचार करू नये. मिस्त्रींना शंका असेलच, तर त्यांनी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येकात हवा किती दाबाने दाबली जाते याची चाचणी) करून आकडे कागदावर द्यावेत. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि उत्पादकाने दिलेल्या किमान मर्यादेच्या वर असतील, तर तो विषय तिथेच संपतो. जाड ऑइलचा सल्ला मात्र मानू नये. आपल्या इंजिनाला टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा वेगवान पंखा) आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचणे सर्वांत महत्त्वाचे असते आणि जाड ऑइल तिथे उशिरा पोहोचते. पुस्तिकेत दिलेलाच ग्रेड ठेवावा, दहा हजारांऐवजी सात हजार किमीला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, ऑइल आणि फिल्टर बदलावा, आणि दर पंधरा दिवसांनी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबल्यावर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी.

आता पैशांचा क्रम. या वयाच्या गाडीत लोखंड सहसा दगा देत नाही. दगा देते ते रबर, प्लॅस्टिक आणि वर्षानुवर्षे न बदललेली ऑइले. गंमत अशी की हे भाग इंजिनाच्या तुलनेत स्वस्त असतात, म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

सर्वांत आधी टायमिंग बेल्ट. आपल्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवायला साखळी नसून दातेरी रबरी पट्टा आहे, आणि तो तुटण्याआधी आवाज किंवा थरथर अशी कोणतीही सूचना देईलच असे नाही. धावत्या गाडीत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि ज्या कामाला आपले मिस्त्री पुढच्या वर्षी हात घालणार होते, ते त्याच दिवशी करावे लागते. बेल्ट किती किमीला बदलायचा तो आकडा पुस्तिकेत असतो. आपली गाडी ज्या टप्प्यावर आहे तिथे तो किमान एकदा तरी बदललेला असायला हवा. शेवटच्या बदलाचे बिल सापडत नसेल, तर ते काम झालेच नाही असे धरून चालावे. ‘मागच्या मालकाने केले होते म्हणे’ या वाक्यावर विसंबून मी स्वतः घाटात गाडी घातली नसती. बेल्टबरोबर त्याचा टेन्शनर आणि आयडलर (पट्टा ताणून जागेवर ठेवणारे भाग) बदलून घ्यावा, क्रँक व कॅमचे ऑइल सील पाझरत असतील तर तेही बदलावेत, कारण ऑइलने भिजलेला नवा बेल्टसुद्धा फार टिकत नाही. या कामासाठी पुढचा पंखा काढावाच लागतो. तेव्हाच वॉटर पंपाची पुली हाताने हलवून पाहायला सांगावे. खडखड किंवा हलकासा खेळ जाणवला तर पंपही त्याच दिवशी बदलावा, मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

दुसरी जागा कूलिंगची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण जुन्या डिझेल गाड्यांची इंजिने मी सर्वाधिक याच एका कारणाने गेलेली पाहिली आहेत. माझ्या स्वतःच्या गाडीचा अनुभव सांगतो. मे महिन्यात खंबाटकी चढताना हीटरकडे जाणारा बोटभर जाडीचा रबरी पाइप क्लिपच्या तोंडाशी चिरला. त्या आधी महिनाभर गाडी उभी असलेल्या जागी वाळलेला गुलाबी डाग मी रोज पाहत होतो आणि एसीचे पाणी असेल म्हणून सोडून देत होतो. एसीचे पाणी गुलाबी नसते आणि वाळल्यावर डागही ठेवत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तापमानाचा काटा वर सरकताना वेळीच दिसला आणि गाडी लगेच बंद केली म्हणून इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचा भाग) वाचले. काही शे रुपयांच्या पाइपासाठी क्रेनचे भाडे मात्र भरावे लागले.

आपण एवढे करावे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे वरचे आणि खालचे होज पाइप दोन बोटांत दाबून पाहावेत. चांगला पाइप दबतो आणि मूळ आकारात परत येतो. जो आतून कुरकुरतो, क्लिपजवळ फुगलेला असतो किंवा ज्यावर केसासारख्या चिरा दिसतात, तो बदलण्याच्या लायकीचा आहे. १४-१५ वर्षांच्या गाडीत मी एकेक पाइप न निवडता सगळे होज आणि क्लिपा एकदम बदलतो. रेडिएटरचे झाकणही नवे घ्यावे. ते केवळ झाकण नसून दाबाचा व्हॉल्व्ह आहे. यंत्रणेत वातावरणापेक्षा साधारण एका बारचा जास्त दाब तेच धरून ठेवते आणि त्यामुळे आतले पाणी १०० अंशांऐवजी १२० च्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर मेले की गाडी विनाकारण तापू लागते आणि निदान थेट हेड गॅस्केटपर्यंत जाते. इंजिन गरम असताना झाकण कदापि उघडू नये. कूलंट बदलताना जुना पूर्ण काढून बॅटरीत टाकतात त्या डिस्टिल्ड पाण्याने यंत्रणा धुवावी, दोन रंगांचे कूलंट मिसळू नयेत आणि बोअरवेलचे पाणी तर अजिबात वापरू नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खडूसारखे बसतात. शेवटी, इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवून सोडावा. तो जरा अडखळत थांबला पाहिजे. मोकळा गरगरत राहिला, तर त्याचे कपलिंग (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) गेले आहे आणि घाटात हळू चढताना गाडी तापणार हे नक्की.

तिसरे ब्रेक. लायनर सगळे बदलतात, ब्रेक ऑइल फार थोडे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताजे डॉट ३ (DOT 3) प्रकारचे ब्रेक ऑइल निकषाप्रमाणे किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ती किमान मर्यादा १४० वर येते. आंबेनळी किंवा वरंधा उतरताना सतत पाय ब्रेकवर असेल, तर कॅलिपर (चाकापाशी ब्रेक दाबणारा भाग) एवढा तापू शकतो की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे आत जाते. म्हणून किमी किती झाले ते न पाहता दर दोन वर्षांनी हे ऑइल पूर्ण बदलावे, सोबत चाकांपाशी वळणारे रबरी ब्रेक पाइप तपासावेत आणि मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर पाझरत नाहीत ना ते पाहावे. उतरताना गिअर खालचा ठेवावा, हे आपल्याला सांगायला नकोच.

यानंतर खालची बाजू : लोअर आर्मचे बुश (सांध्यातील रबरे), बॉल जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग. यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुश, मग अलाइनमेंट, आणि सर्वांत शेवटी नवे टायर. उलट केले तर नवे टायर सहा महिन्यांत एका कडेने खाल्ले जातात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे ऑइल बहुतेक गाड्यांत जन्मापासून तेच असते, ते एकदा बदलून टाकावे. डिझेल फिल्टरखालचे पाणी काढायला विसरू नये, विशेषतः पावसाळ्यात.

हे सारे एकाच महिन्यात करण्याची गरज नाही. टायमिंग बेल्ट आणि कूलिंग या महिन्यात, ब्रेक पावसाळ्यापूर्वी, उरलेले दिवाळीपर्यंत, असे वाटून घ्यावे आणि दोनशे पानी वहीत प्रत्येक भागापुढे तारीख आणि किमी असे दोन्ही लिहावे. या सगळ्याचा खर्च इंजिन उतरवण्यापेक्षा कमीच येईल.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी १६ वर्षांची आहे, पण जेमतेम ५८ हजार किमी चालली आहे. महिन्यातून दोनदा बाजारात जाते, एरवी अंगणात उभी असते. एवढी कमी चालूनही सतत काही ना काही निघते. असे का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : कमी चालते म्हणूनच. इंजिन पूर्ण तापले नाही तर ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, अल्टरनेटरला बॅटरी भरायला वेळ मिळत नाही आणि ब्रेकच्या पिना गंजून धरतात. आपल्याकडची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांची त्यात भर पडते. आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किमी सलग चालवावी. उभ्या जागी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने यातले काहीच साधत नाही, उलट पेट्रोल जळते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा, तो १२.२ वर असेल तर बॅटरी अर्धीच भरलेली आहे.

पेट्रोलचा मुद्दा वेगळा लक्षात ठेवावा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि १६ वर्षांपूर्वी बनलेल्या गाडीच्या रबरी नळ्या व सील ते गृहीत धरून तयार केलेल्या नाहीत. इथेनॉल पाणीही ओढते. त्यामुळे तीन-तीन महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवू नये आणि इंजिनापाशी येणाऱ्या पेट्रोलच्या रबरी नळ्या या वर्षी बदलून घ्याव्यात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा हलका जरी वास आला तरी गाडी सुरू करू नये. वायरिंगवर उंदरांचे दात आहेत का तेही त्याच वेळी पाहावे. एअर फिल्टरच्या डब्यात भाताच्या तुसाचे घरटे मी दोनदा पाहिले आहे.

आपल्या पत्रात टायर ‘अजून नवेच’ असल्याचे लिहिले आहे. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : २३१५ असेल तर तो टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांच्या टायरवर हायवेने जाऊ नये. स्टेपनीचेही आकडे पाहावेत, तीच बहुधा सर्वांत जुनी निघते.

प्रश्न : डिझेल गाडी दहा वर्षांनंतर चालवता येत नाही, असे ऐकतो. मग आमच्या २०१२ च्या गाडीवर खर्च करणे योग्य आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरील बंधन दिल्ली व राजधानी परिसरापुरते असून ते राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आले आहे, महाराष्ट्रात खासगी गाडीला ते लागू नाही. आपल्याकडे नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करावा, गाडी तपासणीला न्यावी, विमा आणि पीयूसी चालू ठेवावे, आणि पर्यावरण कर भरावा. तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक आणि धूर पाहतात, म्हणून वर सांगितलेली ब्रेकची कामे त्या आधी उरकलेली बरी. चासीवर कोरलेला क्रमांक गंजाखाली किंवा रंगाखाली बुजलेला असतो, तो तारेच्या ब्रशने नव्हे, तर रॉकेलच्या फडक्याने हलकेच पुसून वाचता येईल असा करून न्यावा.