तो एक टक्का

"शंका येते, म्हणजे माझी श्रद्धा खोटी का?" हा प्रश्न मला वर्षभरात पाच-सात जण तरी विचारतात. शब्द वेगळे असतात. कुणी म्हणतं पुरावा नसताना मानायचं कसं, कुणी म्हणतं मानत नाही असं वाटलं की अंगावर काटा येतो. मी मानसशास्त्रज्ञ, पण बहुतेकांना माझ्या उपचारांची गरज नसते. मुलगा गेल्यावर एक बाई वर्षभर देवाचं नाव घेत नव्हत्या. मग एक दिवस भांडायला म्हणून घेतलं, आणि भांडता भांडता पुन्हा बोलू लागल्या. तुकोबांनी तर 'माझ्या लेखी देव मेला, ज्याला असेल त्याला असो' अशा अर्थाचा अभंगच लिहून ठेवलाय, आणि तो त्यांच्या गाथेत इतर अभंगांच्या पंगतीलाच बसलाय. अशा शंकेला हात लावायचं माझं काम नाही. ती माणसाबरोबर चालते, कधी पुढे, कधी मागे.

पण एक शंका जागची हलतच नाही. तिची ही गोष्ट. तपशील बदलले आहेत. धर्म मुद्दामच सांगत नाही, कारण हीच गोष्ट मी निरनिराळ्या धर्मांच्या माणसांकडून ऐकली आहे.

ते पस्तिशीतले, व्यवसायाने ऑडिटर. पहिल्या भेटीत त्यांनी एक वही पुढे केली. आखीव रकाने होते: तारीख, प्रार्थना सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि शेवटी एक आकडा.

"हा कसला आकडा?"

"किती वेळा पहिल्यापासून म्हणावी लागली, त्याचा."

एका दिवसापुढे 31 लिहिलं होतं. त्याभोवती पेनानं इतकं गोल गिरवलं होतं, की कागद फाटायला आला होता. मूळ प्रार्थना बारा मिनिटांची. मध्येच 'कुणी ऐकतंय का खरंच?' असा विचार चमकून गेला, की ती बाटली. मग पुन्हा पहिल्या शब्दापासून. पहाटे चारला उठूनही ऑफिसला पोचायला उशीर व्हायला लागला, तेव्हा बायकोनं त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"मॅडम, नव्व्याण्णव टक्के विश्वास आहे हो माझा. तो एक टक्का कुठून येतो तेवढं सांगा."

इथे माझी चूक झाली, ती कबूल करते. मला वाटलं, माणूस हुशार आहे, त्याच्याच भाषेत बोलू. मी विचारलं, तुम्ही कंपनीच्या हिशेबांवर सही करता तेव्हा प्रत्येक व्हाउचर तपासता का? ते हसले. म्हणाले, "शक्यच नाही. नमुने तपासतो. आमच्या अहवालात संपूर्ण खात्री नसतेच, वाजवी खात्री असते." मग इथेही तेवढीच पुरे, असं मी म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुढच्या आठवड्यात वहीत एक रकाना वाढला होता. प्रार्थनेआधी 'वाजवी खात्री पुरते' हे वाक्य मनात म्हणायचं, पण तेही पूर्ण पटून. पटलं नाही, तर ते वाक्य पुन्हा.

म्हणजे मी त्यांना आणखी एक मंत्र दिला होता. मराठीत याला मंत्रचळ हा शब्द आहेच. डॉक्टर ओसीडी म्हणतात: नको तो विचार पुन्हा पुन्हा येतो, आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. दर शंभरात साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. त्यातल्या काहींचा चळ हात धुण्याचा, काहींचा कुलूप तपासण्याचा, आणि काहींचा पाप-पुण्याचा. या शेवटच्या प्रकाराला इंग्रजीत स्क्रुपुलॉसिटी म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत गेलेला खडा जसा पाऊल टाकू देत नाही, तसा.

कुलूप तपासणाऱ्याला निदान कुलूप दिसतं. देवाच्या बाबतीत तपासायला समोर काही नसतंच, म्हणून माणूस स्वतःचं मन तपासत बसतो: आत्ता पूर्ण विश्वास आहे का? आणि आत्ता? मन असं सारखं चाचपलं, की कुठलीही भावना विरून जाते. बायकोवर प्रेम आहे का हे दर पाच मिनिटांनी तपासून बघा. संध्याकाळपर्यंत त्याचीही शंका येईल.

माझ्यासारखी चूक आधीही झालेली आहे, हे वाचून मला थोडं बरं वाटलं होतं. इग्नेशियस लॉयोला, पुढे ज्यांनी जेझुइट हा ख्रिस्ती पंथ उभा केला, ते 1522 साली स्पेनमधल्या मानरेसा गावी याच त्रासानं जेरीस आले होते. पापांची कबुली देऊन झाली, तरी काहीतरी राहिलंय असं वाटून पुन्हा कबुली. जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले. त्यांच्या धर्मगुरूंनी सांगितलं, जुनं काही आता सांगू नका, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा. झालं! इग्नेशियसना सगळंच अगदी स्पष्ट वाटत होतं. चांगल्या हेतूनं दिलेली ती फट, आणि चळ तिच्यातूनच आत शिरला.

तेव्हा मी खात्री देणं बंद केलं. देव आहे की नाही यावर बोलायचं नाही, हे ठरलं. "मॅडम, तुम्ही तरी मानता का?" याचंही उत्तर द्यायचं नाही. ते चिडले. एकदा उठून निघूनही गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं, त्याचा गुण यायला काही आठवडे लागणार होते. तोवर आम्ही नेहमीची पद्धत धरली: शंका येऊ द्यायची, आणि तिच्यावरचा उतारा करायचा नाही. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी ती पहिल्यांदा मांडली. ऐकायला सोपी वाटते, पण रुग्णाला घाम फुटतो.

प्रार्थना एकदाच. शंकेसकट. बाटली तर बाटलेली. वही माझ्या कपाटात.

दोन माणसांची मदत लागली. बायको रोज पंधरा-वीस वेळा "हो, बरोबर झाली तुमची प्रार्थना" असं सांगत होती, बिचारी. तिला ते थांबवायला सांगितलं, तर म्हणाली, "त्यांना तडफडताना बघू कशी?" तिच्यासाठी वेगळ्या दोन भेटी ठेवल्या. दुसरे त्यांचे धर्मगुरू. माझ्या रुग्णाचा त्यांना आणि आणखी तिघा जाणकारांना तोच प्रश्न विचारून झाला होता. चौघांनीही एकदा म्हटलेली प्रार्थना पुरते असं सांगूनही पाचवा शोधणं चालू होतं. परवानगी घेऊन मी धर्मगुरूंशी फोनवर बोलले. मला धास्ती होती, की श्रद्धेत ढवळाढवळ करता म्हणून रागावतील. उलट ते म्हणाले, असे लोक मी खूप पाहिलेत, त्यांना काय म्हणतात ते माहीत नव्हतं. ठरलं असं, की पुन्हा विचारलं तर ते एवढंच म्हणणार: "मी सांगितलंय."

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. एका सकाळी प्रार्थना अर्धवट बाटल्यासारखी वाटूनही ते उठले, आणि दुपारपर्यंत मुलाला काहीतरी होणार या भीतीनं शाळेच्या फाटकासमोर उभे राहिले. मुलगा सुटल्यावर बाहेर आला, आणि बाबा इथे कसे म्हणून हसला. त्यांनी त्याला काही सांगितलं नाही. मात्र घरी येऊन पुन्हा प्रार्थनाही म्हटली नाही. माझ्या लेखी सगळ्या उपचारांतला सर्वात मोठा दिवस तो.

सातव्या महिन्यातल्या भेटीत मी वही परत देऊ केली. त्यांनी ती उघडली नाही, नुसती बॅगेत टाकली.

"आता शंका येते का?"

"येते की. कालच मध्ये वाटलं, कुणी ऐकत नाहीये. तसाच पुढे म्हणत गेलो."

"मग?"

"मग काय, नऊ सत्तावीसची लोकल होती."