‘स्रोक’ म्हणजे नुसती डेडलाइन नव्हे

रशियन करारांचे इंग्रजी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘स्रोक’, म्हणजे मुदत, या रशियन शब्दासाठी ‘टर्म’ घ्यावा, ‘पीरियड’ घ्यावा की ‘डेडलाइन’. रशियाच्या नागरी संहितेच्या १९०व्या कलमानुसार स्रोक तारखेनेही ठरतो आणि वर्षे, महिने, दिवस असा काळ सरण्यानेही ठरतो. म्हणून काळ मोजायचा असेल तिथे ‘पीरियड’, ठरलेली तारीख गाठायची असेल तिथेच ‘डेडलाइन’ आणि करार किती काळ अमलात राहील हे सांगायचे असेल तिथे ‘टर्म’.

खरा संताप येतो तो ‘स्रोच्नी’ या विशेषणाचे डोळे मिटून ‘अर्जंट’ केलेले पाहून. या शब्दाला तो अर्थ आहेच, पण ‘स्रोच्नी त्रुदवोय दगवोर’ म्हणजे ठरावीक मुदतीचा नोकरीचा करार, आणि तो पाच वर्षांपर्यंतचा असू शकतो. ‘स्रोच्नी व्क्लाद’ ही तर सरळसरळ आपली मुदत ठेव. जन्मभर मुदत ठेवीच्या पावत्या हाताळणाऱ्या मराठी माणसाने तिचे ‘अर्जंट डिपॉझिट’ करावे, याला क्षमा नाही.

या शब्दाचे मूळ मात्र फार सुंदर आहे. ‘स’ म्हणजे सह आणि ‘रोक’ हा ‘बोलणे’ या अर्थाच्या जुन्या स्लाव्ह धातूपासून आलेला. तेव्हा स्रोक म्हणजे दोघांनी मिळून बोलून ठरवलेले. रशियनमधला दैववाचक ‘रोक’, धड्याचा ‘उरोक’ आणि प्रेषिताचा ‘प्रारोक’ ही सारी त्याच घरातली भावंडे, आणि पोलिश व चेक भाषांत ‘रोक’ म्हणजे चक्क वर्ष. काही व्युत्पत्तिकार हा धातू संस्कृत ‘रचयति’शी जोडतात, इतरांनी कितीही शंका काढल्या तरी मला हे नाते मनापासून पटते, कारण ठरवणे हीसुद्धा एक रचनाच असते. शिवाय स्रोकमध्ये दोन पक्षांचा शब्द गुंतलेला आहे आणि ‘डेडलाइन’मध्ये तो औषधालाही सापडत नाही, म्हणूनच कोशात तिला पहिले स्थान देऊ पाहणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही.

तीच गत ‘इस्कवाया दाव्नस्त’ची, म्हणजे दावा लावण्याच्या मुदतीची. ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते आणि संहिता तिची व्याख्याच ‘स्रोक’ अशी करते, तरी भलेभले अनुवादक तिला ‘स्टॅट्यूट ऑफ लिमिटेशन्स’ म्हणतात. अमेरिकन वकिलांच्या तोंडी हा प्रयोग रुळला आहे हे मान्य, पण स्टॅट्यूट म्हणजे कायदा आणि इथे बोलायचे आहे ते काळाविषयी. म्हणून ‘लिमिटेशन पीरियड’ हेच लिहावे.